चौथा पर्याय

सुनीतीनं स्टुलावर चढून माळ्यावरचं तिसरं गाठोडं पुढं ओढलं, तसा उंदरांनी कुरतडलेल्या कागदाचा भुगा तिच्या केसांवर सांडला. खाली लहानू दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा होता.

"सावकाश. ते सत्त्याहत्तरचं हाय. एकाहत्तरचं त्याच्या मागं आसंल."

"सापडलं, आबा. धरा."

लहानूनं गाठोडं छातीशी घेतलं आणि शर्टाच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली. आत हजेरीपटच होते, पण त्यातली ओळ न् ओळ त्याच्या हातची होती.

शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. एरवी या खोलीत शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे, पण आज खाली सुताला खळ देणाऱ्या सायझिंगचा बॉयलरही थंड होता आणि बापलेक हळू आवाजात बोलत होते. बाळारामशेठच्या पेढीवर लहानू उघडे एकोणतीस वर्षं कारकून होता. सुनीती त्याची एकुलती एक मुलगी, कल्याणच्या कॉलेजात एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कोनच्या बौद्धवाड्यातून इतकं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. पदवीपर्यंत गेलेली दोन मुलं होती, ती रेल्वेत लागली. हिनं प्रगत लेखाशास्त्र घेतलं होतं आणि एका पेपरऐवजी प्रबंध लिहायचं ठरवलं होतं.

विषय तिला प्रा. सुचेता दामल्यांनी सुचवला होता. नोकर सोडून जाताना मालकाला ग्रॅच्युइटी द्यावी लागते. आजवर ती रक्कम माणूस जाईल त्या दिवशी हिशेबात दिसायची. पंच्याण्णवच्या एप्रिलपासून नवा नियम आला होता. माणूस काम करतो त्या प्रत्येक वर्षी ते देणं थोडं थोडं वाढतं, म्हणून ताळेबंदात ते दरवर्षी दाखवायचं. भिवंडीत हे कोणी दाखवत असेल का, आणि नसेल तर मालकाच्या डोक्यावर नेमकी किती जोखीम साचली आहे, हे शोधायचं होतं. दामले मॅडम म्हणाल्या होत्या, "अशी वही उघडून दाखवणारा मालक मिळाला तर तुझा प्रबंध निम्मा झाला."

असा मालक लहानूनं मिळवला. बाळारामशेठ अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते आणि पेढी त्यांचा मुलगा हरी पाहत होता. लहानू त्याच्यापुढं हात बांधून उभा राहिला. पोरीच्या शिक्षणाचं आहे, म्हणाला. हरीनं लगेच होकार दिला. अट एकच, पुस्तक झालं की एक प्रत त्याला द्यायची.

सुनीती चार शुक्रवार त्या खोलीत बसली. नाव, लागल्याचं साल, पगार. पेढीचे अडतीस लोक तिनं वहीत उतरवले. नावांसमोर अ, ब, क अशी अक्षरं टाकली, कारण प्रबंधात नावं छापायची नव्हती. लहानू समोर बसून चहा ओतायचा आणि तिनं विचारलं की सांगायचा. हा मालेगावला गेला, हा वारला, ह्याची दोन वर्षं मधे तुटलीत.

शेवटच्या शुक्रवारी तिनं बेरीज काढली. चार लाख अठरा हजार.

"आबा, तुमचे एकट्याचे किती होतात माहीत आहे? त्रेचाळीस हजार पाचशे."

लहानू हसला. "कोन देतोय?"

"कायदा आहे."

"कायदा हाय गं. मागायला कोन गेलाय? नेमनुकीचं पत्र हाय का कोनाकडं? गेला तो गेला. शेठ धोतरजोडी देतो, बायकोला लुगडं."

सुनीतीनं मान वर केली. "एकोणतीस वर्षांत एकानंही तक्रार केली नाही? नक्की?"

"एकानं बी न्हाय. मला ठाऊक नसंल तर कोनाला आसंल?"

तिनं वहीत एक नवी ओळ लिहिली. तक्रारी: शून्य. लहानूनं वाकून ती पाहिली. आपल्या सांगण्यातलं काहीतरी पुस्तकात जाणार, याचा त्याला आनंद झाला होता.

दामले मॅडमनी पहिला मसुदा स्टाफरूमच्या टेबलावर तिच्याकडं सरकवला. लाल शाईनं एक अख्खं पान काट मारून खोडलं होतं.

"हे काय आहे?"

"कामगारांची परिस्थिती, मॅडम."

"हे निबंधस्पर्धेला पाठव. सुनीती, तुझं प्रकरण जोखीम व्यवस्थापनाचं आहे. जोखीम कोणाची? मालकाची. त्याच्या खुर्चीत बस आणि लिही. त्याच्यावर सव्वाचार लाखांचं देणं आहे. तो काय काय करू शकतो?"

"तरतूद करेल. नाहीतर विमा कंपनीची पॉलिसी घेईल."

"आणि करायचं नसेल तर?"

सुनीतीनं खोडलेलं पान उलटं करून ठेवलं.

"कॉलेजात सगळे पहिले दोन मार्ग लिहितात. परीक्षकाला ते पाठ असतात. भिवंडीचा मालक खरं काय करेल, ते लिही. प्रत्येक मार्गाचा खर्च काढ, पकडला जाण्याची शक्यता काढ. तुझ्याकडं ती माहिती आहे, दुसऱ्या कोणाकडं नाही. आणि डोळे पुसत लिहू नकोस."

ते पान लिहायला तिला तीन दिवस लागले. कोनच्या घरात, आई कौसल्या शेजारी तांदूळ निवडत असताना, तिनं चार रकान्यांचा तक्ता आखला. पहिला पर्याय दरसाल तरतूद, दुसरा पॉलिसी, तिसरा काहीच न करता माणूस जाईल तेव्हा देणं. चौथ्यात तिनं लिहिलं की दहापेक्षा कमी नोकर असलेल्या धंद्याला हा कायदा लागू होत नाही. कुटुंबातल्या पाच जणांच्या नावे पाच पेढ्या दाखवल्या, जुन्या नोकरांचे राजीनामे घेऊन त्यांना नव्यानं कामावर घेतलं, तर देणं कागदावर शून्य होतं. एकदा लागू झालेला कायदा असा सुटत नाही, पण ते सिद्ध करायला कोणी तक्रार करावी लागते. नोकरांकडे नेमणूकपत्रं नाहीत. गेल्या एकोणतीस वर्षांतल्या तक्रारी शून्य. खर्च: स्टँपपेपर आणि टायपिंग. खाली तिनं एक ओळ जोडली, की हा पर्याय कायद्याच्या हेतूला धरून नाही. मग पुन्हा वाचलं. आजवर तिनं लिहिलेल्या सगळ्यांत ते पान चांगलं उतरलं होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि आईला सांगितलं, "झालं."

तोंडी परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले होते. तिच्या आधीची दोन मुलं रडवेली होऊन बाहेर पडली.

"उघडे. कुठल्या?"

"कोनची, सर."

"कोणाची?" स्वतःच्या विनोदावर ते हसले. "बापाचं नाव नाही विचारलं, गाव विचारलं."

दामले मॅडमही थोड्या हसल्या. सुनीतीनं टेबलाच्या कडेला धरलेलं बोट काढलं नाही.

परीक्षकांनी पानं चाळली. एकाहत्तराव्या पानावर ते थांबले. चष्मा वर केला, तक्ता वाचला, मागचं पान उलटून पुन्हा वाचला.

"हे तुम्ही स्वतः केलंत?"

"हो, सर."

"स्वतः?"

"हो, सर."

"बारा वर्षं एम.कॉम.चे प्रबंध तपासतोय," ते मॅडमकडं वळून म्हणाले, "हे असं कोणी करत नाही हो."

ती केंद्रात पहिली आली.

हरीच्या प्रतीतून एकाहत्तरावं पान वगळायचं तिनं आधीच ठरवलं होतं. कल्याणला बाइंडरच्या दुकानात तिनं सुटी पानं दिली, तेव्हा ते पान तिच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं होतं. बाइंडर म्हातारा होता. त्यानं थुंकी लावून पानं मोजली.

"ताई, सत्तरनंतर बहात्तर येतंय. एक पान पडलं कुठं तरी."

सुनीती रस्त्याकडं पाहत उभी राहिली.

"तसंच बांधू का?"

तसाच बांधला असता तर कोणाचाही असावा असा प्रबंध झाला असता. दोन पर्याय, विम्याची माहिती, संदर्भसूची. तिनं पिशवीत हात घातला, पान काढलं आणि गल्ल्यावर ठेवून तळहातानं त्याची घडी सपाट केली.

प्रत लहानूनं नेऊन दिली. सोनेरी अक्षरांत मुलीचं नाव असलेलं ते पुस्तक त्यानं पेढीवर प्रत्येकाला हातात घेऊ दिलं. सुताचे जड रूळ, बीम, उचलणारा महादू म्हणाला, "लहानूदादा, माजे हात तेलाचे हायत," आणि त्यानं लांबूनच पाहिलं.

जून-जुलैत सुनीतीनं तीन कॉलेजांत व्याख्यात्याच्या जागेसाठी मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी सांगितलं, राखीव जागेची जाहिरात निघेल तेव्हा या. दुसऱ्या ठिकाणी तिला व्हरांड्यात चार तास बसवून शिपायाकरवी निरोप पाठवला की जागा भरली. तिसऱ्या ठिकाणी विषयातला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त विचारलं, तुमच्या उच्चारांचं काय करणार? ती घरी आली आणि आठ दिवस घराबाहेर पडली नाही. कौसल्यानं एकदा ताट पुढं ठेवून विचारलं, "मंग आता?" त्यावर ती ताटावरून उठून गेली.

ऑगस्टमध्ये हरीनं तिला बोलावलं. त्याच्या टेबलावर तिचा प्रबंध होता. एकाहत्तराव्या पानाच्या दोन्ही समासांत त्यानं पेन्सिलीनं बारीक अक्षरांत लिहून ठेवलं होतं.

"बसा, मॅडम."

पेढीवर आजवर तिला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

"मी पुस्तकं फारशी वाचत नाही. हे दोनदा वाचलं. माझ्या सी.ए.ला पंधरा वर्षं पैसे देतोय, त्यानं हे कधी सांगितलं नाही. साडेतीन हजार देईन. सगळे अकाउंट्स तुमच्याकडे. बाजूच्या दोघातिघा शेठनाही दाखवलंय, त्यांचंही काम येईल. त्याचे वेगळे."

लहानूला सव्वीसशे मिळत होते.

"आणि ह्याची अंमलबजावणी?" तिनं पानाकडं बोट केलं.

"ती तुम्हीच कराल ना. तुमच्याइतकी माहिती कोणाला आहे?"

सुनीतीनं पदर सारखा केला. "माझे वडील..."

"उघडेकाकांचं वेगळं. त्यांची फाइल जुनीच राहील. निवृत्त होतील तेव्हा त्यांचे त्रेचाळीस हजार, जे काय होतील ते, पुरे देईन. घरचा माणूस आहे तो. शब्द."

"आणि बाकीचे?"

हरीनं पुस्तक तिच्याकडं फिरवलं. "बाकीचे तर तुमच्याच पानावर आहेत."

ती पहिल्या तारखेपासून कामावर जाऊ लागली.

पाच पेढ्यांची नावं तिनं ठरवली. एक हरीच्या आईच्या नावे, एक बायकोच्या, उरलेल्या भाऊ आणि चुलत्यांच्या. राजीनाम्याचा मसुदा तिनं मराठीत केला, साधा, चार ओळींचा. मी माझ्या खुशीनं नोकरी सोडीत आहे, माझं सर्व येणं मला मिळालं, हे मला वाचून दाखवलं व समजलं. त्याच्या सदतीस प्रती लहानूनं सुवाच्य अक्षरात लिहिल्या. एक टायपिस्ट लावला असता तर दोन दिवसांत झालं असतं, पण बाहेरच्या माणसाला कशाला दाखवायचं, असं हरी म्हणाला. मग सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सगळ्यांना बोलावलं. लहानूनं प्रत्येकाला त्याचा कागद वाचून दाखवला आणि अंगठ्याची शाई पुढं केली. कोणी काही विचारलं नाही. लूम दुरुस्त करणारा जॉबर इद्रीस एवढंच म्हणाला, "लहानूभाई, आप बोल रहे हो तो ठीक ही होगा." प्रत्येकाला कागदाची कार्बन प्रत आणि मिठाईचा पुडा मिळाला. जुने हजेरीपट दुसऱ्या दिवशी रद्दीत गेले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी कोनच्या नाक्यावर टेंपोतून उतरून दोघं वाड्याकडं चालले होते.

"त्या ढिगात माजा कागद नव्हता," लहानू म्हणाला.

"तुमचं वेगळं ठेवलंय."

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "महादूचा व्हता."

"आबा, सगळ्यांचं नाही करता येत."

"मी त्याला वाचून दावलं. त्यानं माज्या तोंडाकडं बगून आंगठा केला. कागदाकडं न्हाय."

"तुम्ही लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं."

लहानू पावलं भरभर टाकू लागला. त्या दिवसापासून पेढीवर तो तिच्या टेबलापाशी आला की उभा राहून बोलू लागला, आणि इतरांसारखं तिला मॅडम म्हणू लागला. तिला आधी वाटलं, चारचौघांत बरं दिसावं म्हणून करत असेल.

पुढच्या फेब्रुवारीत महादू जिन्यात सुताच्या बीमसकट घसरला. दोन महिने खारबावला घरी पडून होता. मग एका शुक्रवारी बायकोच्या, ठकुबाईच्या, खांद्याला धरून कोनला आला. ओटीवर त्याला खाली बसता येईना. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि ठकुबाईनं कनवटीतून एक कागद काढून सुनीतीपुढं धरला.

"पोरी, तू शिकल्याली हायस," महादू म्हणाला. "हरीशेठ बोलतो, तुला पाच म्हयनेच झालं, तुजं काय निगत न्हाय. मी बावीस वर्सं बीम उचलतोय. तुजा बाप साक्षीला हाय. ह्या कागदात काय हाय, एवडं वाच."

सुनीतीनं कागद घेतला. शब्द तिचे होते, अक्षर आबांचं. तिनं चारही ओळी वाचल्या, एकसारख्या आवाजात, 'समजलं' या शब्दापर्यंत.

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्हाला सगळं मिळालं, असं तुम्ही लिहून दिलंय."

"काय मिळालं?"

सुनीतीनं कागद ओटीवर ठेवला, तेव्हा ठकुबाईनं लहानूला नजरेनं शोधलं. लहानू आत निघून गेला होता. कौसल्या चहा घेऊन आली. महादूनं कप घेतला, पण पाठीत कळ आली आणि चहा कागदावर सांडला. ठकुबाईनं तो कागद पदरानं टिपून पुन्हा नीट घडी घातली, जणू त्याची अजून काही किंमत होती.

दीड महिन्यानं पेढीला नोटीस आली. युनियनच्या पंढरी काठेनं महादूतर्फे कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज केला होता. सोबत पुरावा म्हणून सुनीतीच्या प्रबंधातल्या परिशिष्टाची झेरॉक्स होती. कर्मचारी 'ड', बीम विभाग, लागल्याचं साल चौऱ्याहत्तर. प्रबंधाची प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात असते, हे पंढरीला कोणी सांगितलं, हे हरीनं दोनदा विचारलं. सुनीती म्हणाली, माहीत नाही. लहानू त्या वेळी व्हाउचर टाचत होता. त्यानं मान वर केली नाही.

सुनावणीला अधिकाऱ्याच्या छोट्या खोलीत आठ माणसं दाटीनं बसली होती. महादू मात्र खिडकीच्या गजाला धरून उभाच होता.

"ही यादी तुम्ही केली?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो."

"कशावरून?"

"पेढीच्या हजेरीपटांवरून."

"ते पट आता नाहीत, असं मालक म्हणतात. मग सांगा, हा कर्मचारी 'ड' म्हणजे कोण?"

पंढरी पुढं वाकला. हरी आपल्या घड्याळाचा पट्टा सैल करत होता. सुनीतीनं एकदा वडिलांकडं पाहिलं. ते मागच्या बाकावर हरीच्या ड्रायव्हरशेजारी बसले होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांची फाइल जुनी होती. त्रेचाळीस हजार पाचशे, आणि आता वरच्या एका वर्षाचे पंधराशे.

"संशोधनात नावं गुप्त ठेवायची असतात," ती म्हणाली. "अक्षरांची यादी मी जपून ठेवली नाही."

"आठवत नाही?"

"अडतीस लोक होते, साहेब. नाही आठवत."

ती वही कोनच्या घरी, तिच्या पदवीच्या प्रमाणपत्रासोबत पत्र्याच्या पेटीत होती.

अधिकाऱ्यानं लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात मागचं बाक वाजलं.

"साहेब, म्या बोलू का?"

"तुम्ही कोण?"

"लहानू उघडे. पेढीचा कारकून. ते हजेरीपट म्या लिवलंत. 'ड' म्हंजी ह्यो महादू. चवऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर लागला, तवा साडेचार रुपयं रोज व्हता. त्या राजीनाम्यावरचं अक्षर बी माजंच हाय. म्याच त्याला वाचून दावलं. त्याला पैसा मिळालेला न्हाय."

हरीनं घड्याळाचा पट्टा पुन्हा आवळला.

"मालकाचे नोकर आहात ना तुम्ही?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"व्हय साहेब. तीस वर्सं."

महादूला तेवीस हजार शंभर मिळायला हवे होते. ऑर्डर तशी झाली. हरीनं अपील केलं आणि त्याच्या वकिलानं तारखा मागून घेतल्या. महादू त्यानंतर चौदा महिने जगला. पैसे तेव्हाही अपिलातच होते.

पण ते पुढचं. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हरीनं सुनीतीला आत बोलावलं. तो रागावलेला दिसत नव्हता. त्यानं तिच्यासाठी चहा मागवला.

"तुम्ही तुमचा शब्द पाळलात. मी विसरणार नाही. तुमची नोकरी आहे तशी आहे. उघडेकाकांचं मात्र आता वेगळं ठेवता येणार नाही, तुम्हीच सांगा. बाकीच्यांसारखा एक कागद करा त्यांचा. गेल्या सप्टेंबरच्याच तारखेचा. आजच."

"मी?"

"भाषा तुमची चांगली आहे."

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. खाली लूम सुरू होते, जमीन नेहमीसारखी हलकी थरथरत होती. बराच वेळ तिनं पेढीवर नव्यानंच आलेल्या टाइपरायटरमध्ये कागद घातला नाही. पगाराला अजून नऊ दिवस होते. बाजूच्या शेठचं काम अर्धवट होतं, त्याचे चार हजार यायचे होते. त्यातून ती मुंबईच्या एका संस्थेत जोखीम व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर पदविकेचा पहिला हप्ता भरणार होती. फॉर्म पर्समध्ये होता. तिनं कागद घातला, कार्बन घातला, आणि मग कार्बन काढून टाकला.

टाइप झाल्यावर ती तो घेऊन लहानूच्या टेबलापाशी गेली. आता तीच उभी होती. लहानूनं चष्मा लावला. पेढीवर आलेला प्रत्येक कागद तो शेवटपर्यंत वाचायचा, तसाच त्यानं हाही वाचला. बोट ओळीखालून सरकत होतं.

"'माझं' दोनदा आलंय हितं. एक काढा, मॅडम."

"आबा..."

"वाचताना बरं न्हाय दिसत."

ती परत गेली. नवा कागद घातला, एक 'माझं' काढलं, आणि घेऊन आली. तोवर लहानूनं आपला खण आवरला होता. टाचण्यांची डबी, शाईचा पॅड, किल्ल्या, सगळं टेबलावर रांगेत मांडलं होतं. त्यानं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. खिशाचं पेन काढून सही केली, वळणदार, पूर्ण नावाची. खाली जुनी तारीख घातली. शाई वाळेपर्यंत तो कागद हातात धरून बसला.

"माजी परत?" त्यानं विचारलं.

सुनीतीनं हात पुढं केला. "आता प्रत देत नाहीत."

लहानूनं चष्मा काढून त्याची घडी घातली. "बरोबर," तो म्हणाला आणि कागद तिच्या हातात दिला.